मिरीच्या सूपातली क्लिप

मलेशियातल्या पेनांगच्या एका कारखान्यात खोर बून तेकने सात वर्षं अशा वस्तूला वाहिली होती, जिचं सगळं यश नाहीसं होण्यात होतं. जठराला आतून पडलेलं भोक बंद करणारी क्लिप. दीड महिना घट्ट धरायचं आणि मग शरीरात निमूट विरघळायचं. दाखवायला मागे काही उरायचं नाही. त्याच्या मामाच्या मते ही नोकरी नव्हती, वैराग्य होतं.

माणसाच्या जठराशी सगळ्यात मिळतंजुळतं जठर डुकराचं. पण प्रयोगशाळेतले निम्मे लोक मुसलमान; तिथल्या फ्रिजात ते ठेवणं बून तेकला बरं वाटेना. म्हणून क्लिपची पकड तपासायला तो बाजारातून ताजं जठर आणी, भोक पाडून क्लिप लावी आणि घरच्या फ्रिजात ठेवी. वर चिठ्ठी: ‘हात लावू नये.’ त्याची आई चिठ्ठ्या वाचत नसे.

सोमवारी त्याची सही झाली की क्लिपचा साचा बनणार होता. मग बदल नाही. रविवारी दुपारी तो घरी आला तर घरभर मिरीचा वास.

“आई, फ्रिजातलं जठर कुठाय?”

“पातेल्यात. सूप दोन तास उकळतंय. मिरी भरून तोंड मी शिवलं, बाजूचं भोक तूच बंद केलं होतंस. एक दाणा बाहेर आला नाही हो! हात चांगलाय तुझा.”

“अगं, त्यात माझी क्लिप होती!”

“मग? पोटात विरघळते म्हणून गावभर सांगत असतोस ना? पोटातच चाललीय.”

जेवताना मामाच्या तोंडातून ‘कट्’ असा आवाज आला. त्यांनी आधी अर्धा दात काढून ताटलीत ठेवला, मग शेजारी एक पांढरा खडा.

“ही का रे तुझी विरघळणारी वस्तू? माझ्यापेक्षा जास्त टिकेल.”

ते क्लिपचं जाड डोकं होतं. जठरात रुतणारे बारीक पाय विरघळले होते, डोकं जसंच्या तसं. प्रयोगशाळेत सगळ्यांनी त्या पदार्थाच्या पातळ पट्ट्याच विरघळवून पाहिल्या होत्या. अख्खी क्लिप कुणी बुडवलीच नव्हती.

“आधी जेव,” आई म्हणाली, “मग रड.”

सकाळी त्याने मिठाच्या पाण्यात एक पट्टी आणि एक क्लिप उकळली. पट्टी गेली, डोकं राहिलं. तो त्याच्या मुसलमान साहेबीण साल्बियाबाई यांच्यापुढे उभा राहिला.

“मी सही करत नाही. काल घरी सूपात—”

बाईंनी हात वर केला. “पातेल्यात काय होतं ते मला सांगू नकोस. पाणी किती तापलं होतं ते सांग.”

“उकळत होतं. दोन तास. म्हणजे पोटातला दीड महिना.”

“तपासलं कुणी?”

“मामांनी. दातांनी.”

बाईंनी तेवढं लिहून घेतलं आणि साचा थांबवला.

डोकं पोकळ करून नवी क्लिप बनवायला पाच महिने लागले. ती प्रयोगशाळेत रीतसर पास झाली, तरी आईने रविवारी ती लावलेलं जठर पातेल्यात चढवलंच. मामा नवा दात बसवून आले. बाऊल रिकामा केला, तळाशी दोनदा चमचा फिरवला.

“काहीच लागलं नाही,” ते जरा नाराजीनेच म्हणाले.

सात वर्षांत बून तेकच्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती.