पदराच्या तीन गाठी

वानखडे गुरुजींनी मला नरखेडच्या शाळेत लिहायला शिकवलं, म्हणूनच घरातला पहिला पदवीधर होऊन मी नागपुरात सरकारी कारकून झालो.

एकदा दवाखान्यातल्या कंत्राटी सफाई कामगारांची बैठक होती. आमचे साहेब, ठेकेदार आणि कामगारांकडून एक बाई. वापरलेली सुई टोचलेल्या बोटाला तिने चिंधी बांधली होती. व्हरांड्यात पदराच्या तीन गाठी चाचपत ती मला म्हणाली, "हे जाड हातमोज्याचं, हे सुया टाकाच्या डब्याचं, हे टोचल्यावरच्या तपासणीचं. साहेबासमोर इसरली, तं बाया मले सोडतीन काय गा भाऊ!" आणि हसली.

आमच्याकडे बैठकीचं इतिवृत्त आधीच लिहून तयार असतं. ठेकेदार बराच वेळ बोलला, साहेब उठायला लागले. मी कागद वाचून दाखवला, 'सविस्तर चर्चेअंती कामगार प्रतिनिधींचे समाधान झाले.'

"भाऊ, मी त अजून बोललीच नाही, अन् तुम्ही लिहून बी टाकलं?"

मी खाली मान घालून सहीची जागा दाखवली. तिने सही केली. गाठी तशाच घेऊन ती गेली.

पुढच्या बैठकीला दुसरी बाई आली. मी आधीच्या बाईची चौकशी केली.

"दवाखान्यातच हाय ते. पण आता खाटेवर."

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

'गुरुजी, श्रुतलेखनाच्या वेळी तुम्ही सांगायचे, आधी पूर्ण ऐका, मग लिहा. माझं अक्षर अजून चांगलं आहे. पण एकदा मी एका बाईचं न ऐकताच लिहिलं. आज कोरा कागद घेऊन बसलो होतो. सांगायला ती नव्हती.'