न जाणारी हार्ड डिस्क द्या!

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. मेलेल्या हार्ड डिस्क आणि किस्से. डिस्क भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही!

गोंदियात स्टेशनजवळ मी आणि माझा दोस्त राजेश, आम्ही दुकान टाकलं तेव्हा घरोघरी नुकते कॉम्प्युटर येऊन राहिले होते. डिस्क गेली की लोक आमच्याकडे यायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, टिकणारी कोणती?"

*

जवळच्या मुर्री गावचे एक गुरुजी तर म्हणाले, "कधीच जाणार नाही अशी द्या."

राजेश म्हणाला, "गुरुजी, तशी अजून बनली नाही. प्रत्येक डिस्क एक दिवस जाते. कधी, ते सांगून जात नाही."

गुरुजींनी विचार केला. "मग दोन द्या. वेगवेगळ्या कंपनीच्या."

पुढे बाजारात भेटले. दोन्हींत सगळे फोटो भरून एक डिस्क त्यांनी बहिणीकडे, थेट बालाघाटला नेऊन ठेवली होती!

"एवढ्या दूर कायले, गुरुजी?"

"घरात चोर शिरला, तर तो एकच डिस्क नेईल का?"

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो.

*

एका राइस मिलवाल्या सेठजींचं घर मिलला लागूनच. घरच्या कॉम्प्युटरची डिस्क हादऱ्यांनी सारखी जायची. चांगल्यातली चांगली दिली, तीही गेली. एकदा नवी बसवायला गेलो, तर सेठजींनी सीपीयू छताला दोरीनं टांगलेला. पाळण्यासारखा!

"झटका ज़मीन से आता है ना? तो ज़मीन पे रखनाच काहे को!"

ती डिस्क वर्षानुवर्षं चालली. कॉम्प्युटर जुना झाला, डिस्क नाही!

*

शेजारच्या शिलाईवाल्या शीलाताईंना राजेशनं एक बंद पडलेली डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी चकती. वर बारीक सुईसारखा दांडा. म्हणाला, "ताई, चकती गरगर फिरते अन् हा तिच्यावर तरंगते. मधात केसाएवढीही जागा नाही. लागला, की डिस्क खतम!"

ताई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या जवळ राहून एकमेकाले लागत नाही? भाऊ, हे आमच्या घरच्या सासू-सुनेले दाखवा!"

*

आणि बिसेनकाका. त्यांची डिस्क टकटक वाजून राहिली होती. सोबत काकू. लकवा झाल्यापासून त्यांची वाचा गेलेली. घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून काकांनी आणलं होतं.

"त्यात हिची गाणी आहेत, पोरीच्या लग्नातली," काका म्हणाले. "नवी डिस्क चांगली पक्की द्या. पण आधी ती गाणी काढा."

जुन्या डिस्कमधून जेवढं निघालं, तेवढं नवीवर घेतलं. गाणं एकच हाती लागलं. हळदीचं, पोवारी बोलीतलं. राजेशनं लावून पाहिलं. काकूंचा खणखणीत आवाज दुकानात भरला, आणि मधेच तुटला. फाइल पुढे खराब!

काकांनी मान खाली घातली.

तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या काकूंनी पुढची ओळ उचलली.

आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ. एक कडवं, मग दुसरं. रस्त्यावरचा ऑटोवाला दारात येऊन उभा राहिला. राजेशचा हात माऊसवरच थिजला.

काका हळूच उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुजबुजले,

"भाऊ, बघून काय राहिले? नव्या डिस्कवर भरून घ्या, माईक लावा न!"