नातीच्या दोन डिग्र्या आणि पेठची आत्याबाई

तर सगळ्यात आधी कोण आलं, तर मुलाची आत्या. मुलगा आणि त्याची आई मागनं येत होती, आणि ही पुढं, जणू आमचं निमगाव तिचंच माहेर.

माझी नात सोनल पुण्यात बीए आणि बीएस्सी एकदम शिकतीय. तिला बघायला पेठ गावचं पावणं आज सकाळी आलं. अजून दोन वर्षं शिक्षण हाय, तोवर लग्न नाय, एवढीच तिची अट. मला त्याचीच धाकधूक, कारण मुलगा लई चांगला वाटला.

आत्यानं बसल्याबसल्या विचारलं, "एका डिग्रीत नापास झाली म्हणून दुसरी घेतली काय?"

सोनल हसली. "नाय आत्या. आहुप्याची देवराई हाय ना, तिथली झाडं कशी वाढली ते सायन्स. माणसांनी ती का तोडली नाय ते आर्ट्स. मला दोन्ही पायजे."

आमच्याकडं स्थळ पसंत नसलं की पावणं चहावरच उठत्यात. म्हणून मी चहा मुद्दाम उशिरा टाकला. मासवडीचा रस्सा मात्र सकाळीच करून ठेवला होता.

आत्या मुलाच्या आईला म्हणाली, "थांबू की गं दोन वर्षं. आपल्याला कुणी विचारलं व्हतं का, शिकायचंय म्हणून?" मग माझ्याकडं वळली, "आजी, चहा राहू द्या. वास सुटलाय, ताटंच घ्या."

पोटभर जेवली सगळी. तुमच्यात कुणाची पोर असं दोन्ही शिकतीय का? लिवा खाली.

आत्याला आता सोनलबरोबर आहुपं बघायचंय. बुद्धपौर्णिमेला परत येतो म्हणालेत सगळे.