अण्णांच्या हातची पॉलिसी

विम्याचे अण्णा गाडी बघायला आले, की आधी वर बघायचे. गाडी कुठल्या माडाखाली उभी असते, झावळ पडली तर कुठे पडेल, शेजाऱ्याची फांदी किती वाकली आहे, एवढं पाहून झालं की मग त्यांची नजर गाडीवर यायची. "काय हो सर, माड डोक्यावर नि गाडी खाली? नारळ काय विचारून पडतो?" असं म्हणत ते पडवीत टेकायचे आणि पाणी मागायचे. कागद त्यानंतर.

मांडवीला दोन खोल्यांत राहणारे अण्णा रत्नागिरीतल्या कितीतरी गाड्यांचे विमे उतरवत. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र सायकलसुद्धा नव्हती. एरवी विकणारा माणूस वाढवून सांगतो, अण्णा काटछाट करायचे. माझ्या पहिल्याच पॉलिसीतून त्यांनी किल्ली हरवण्याचं कलम स्वतः खोडलं. "किल्ली वहिनींकडे असते ना? मग ती काय हरवत्येय!" इंजिनात पाणी शिरण्याचं मात्र हट्टाने घ्यायला लावलं, कारण आमच्या आळीच्या तोंडाशी पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. "स्वस्त बघू नका, महाग बघू नका, तुमची गाडी कुठे फिरते ते बघा," हे त्यांचं पालुपद. मला त्याचा कंटाळा यायचा.

मी चिकट माणूस आहे, हे कबूल करतो. गाडी जुनी झाली तसं मला वाटायला लागलं, आता हिचे एवढे लाड कशाला? नुसतं थर्ड पार्टी करू, कायद्यापुरतं. ते माझ्या डोक्यातून काढायला अण्णा तीनदा घरी आले. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून म्हणाले, "सर, गाडी जुनी झाली, माणसं भंगारात निघाली काय? थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही ज्याला ठोकाल त्याचं. तुमच्या शेजारी बसलेल्याला त्यातून काही नाही. पत्र्याचं सोडा हवं तर, पण बसणाऱ्यांचं घ्या. फार नाही पडत."

"माझ्या शेजारी बसतंय कोण? शाळेत एकटा जातो, एकटा येतो," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वर हेही बोललो, की तुमचं कमिशन कमी होतंय म्हणून एवढा जीव तुटतोय का? अण्णांनी कागद पुढे ओढले. मी सांगितली तशी पॉलिसी त्यांनी करून दिली.

त्याच पावसाळ्यात मी देवरूखला बहिणीकडे निघालो होतो. नाक्यावर अण्णा छत्री धरून एसटीची वाट बघत उभे होते. त्यांनाही देवरूखलाच जायचं होतं. मीच गाडी थांबवली, मीच दार उघडलं. ते क्षणभर घुटमळले आणि बसले. संगमेश्वरच्या पुढे एका वळणावर डोंगरातून येणाऱ्या पऱ्याचं पाणी लाल चिखल घेऊन रस्त्यावरून वाहत होतं. मी ब्रेक दाबला आणि गाडी घसरत डाव्या अंगाने दरडीवर आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. अण्णा सहा दिवस इस्पितळात होते, सातव्या दिवशी गेले. माझ्या पॉलिसीतून त्यांच्या घरी काही येणार नव्हतं आणि आलंही नाही.

दिवस झाल्यावर मी मांडवीला गेलो. अण्णांच्या बायकोसमोर, काकूंसमोर, सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच गेलो होतो. पण मी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, "शुद्धीवर होते तोवर मला एकच सांगत होते. सर पुरा विमा मागत होते, मीच म्हटलं जुन्या गाडीला कशाला. चूक माझी आहे, सरांना बोल लावू नकोस." मग पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं हेच काम केलं हो सर. मग त्यांच्या हातून असं कसं झालं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

आता मी बसणाऱ्यांसकट सगळा विमा घेतो. त्याने काही होत नाही. काकू बाजारात भेटतात, तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनाच वाईट वाटतं. परवाही माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांच्या चुकीसाठी तुम्ही किती वाळलात, सर. माफ करा हो त्यांना."

मी "हो" म्हणालो.