होसाहेबांचे मोकळे ससे

औषधांच्या कारखान्यात त्यांना सगळे होसाहेब म्हणायचे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांपुढे त्यांच्या तोंडून कुणी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी या म्हटलं की ‘हो साहेब’, रजा रद्द म्हटलं की ‘हो साहेब’. एकदा भलत्याच कुणाच्या चुकीसाठी त्यांना फैलावर घेतलं गेलं, तेव्हाही मान खाली घालून ‘हो साहेब’. बाकीचे कामगार आधी पाठीमागे हसायचे, मग तोंडावरच हसायला लागले, कारण या माणसाला राग येतो असं कुणाला कधी दिसलंच नाही.

त्यांचं काम ससेघरात. इंजेक्शनची प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी त्यातलं थोडं औषध सशाच्या कानातल्या शिरेत टोचायचं आणि तीन तास त्याचा ताप बघायचा. ताप चढला तर बॅच बाद. त्या तीन तासांत ससा हलू नये म्हणून त्याची मान लाकडी फळीच्या खाचेत अडकवून ठेवत. टोचणारे शिकलेले लोक वेगळे होते. सशाला पिंजऱ्यातून काढायचं, फळीत बसवायचं, नंतर मान सोडवून परत पिंजऱ्यात ठेवायचं, हे होसाहेबांकडे. पिंजरा दोन हात लांब, दीड हात रुंद. बूडही जाळीचंच, त्यामुळे सशांच्या तळव्यांना चट्टे पडायचे. होसाहेब घरून मलम आणून लावायचे. एवढी एकच गोष्ट त्यांनी कुणाला न विचारता केली होती.

मग ताप तपासायची नवी पद्धत आली. आता सगळं काचेच्या नळीत व्हायचं, सशांची गरजच उरली नाही. ससेघर रिकामं होत गेलं आणि होसाहेबांच्या निवृत्तीला दोन आठवडे असताना चार ससे उरले. चारही माद्या, पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या, कानात निळ्या शाईने गोंदलेले आकडे. साहेब दारातूनच म्हणाले, “शुक्रवारच्या आत या चार निकालात काढा. खोली गोदामाला द्यायची आहे.”

“नाही साहेब,” होसाहेब म्हणाले.

साहेबांना वाटलं आपल्याच कानांत काहीतरी गडबड आहे. “काय म्हणालात?”

“नाही म्हणालो. त्यांना मी घरी नेतो.”

आवाज चढला नव्हता, पण त्यांनी नजरही खाली केली नव्हती. होसाहेबांशी वाद घालायची वेळ साहेबांवर कधी आली नव्हती. ते म्हणाले, न्या तर न्या, पण कागद करून न्या. कागद झाला. त्यात चौथी ओळ होती: ‘प्राणी कायम बंद पिंजऱ्यात ठेवण्यात येतील.’ होसाहेबांनी ती दोनदा वाचली, खिशातलं पेन काढलं, ओळीवर एक सरळ रेघ ओढली आणि खाली सही केली. कारकुनाने न बघताच शिक्का मारला.

घर तसं लहानच, दोन खोल्यांचं. पण मागे बाग होती, आणि ती होती बायकोची. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. मशीन मागच्या खिडकीशी होतं, आणि शिवताना डोळे वर केले की समोर गुलाब, मोगरा आणि भिंतीलगत गुलाबी फुलांची कण्हेर. टोपलीतून चार ससे निघालेले बघून ती म्हणाली, “अहो, हे माझी बाग फस्त करतील.”

“थोडी करतील.”

“आणि ठेवणार कुठे?”

“बागेत. मोकळे.”

तिने पायाखालचं मशीन थांबवलं. “मांजरं आहेत, कुत्री आहेत, वरून घारी येतात. मोकळे म्हणजे किती दिवस?”

“ते बघतो मी,” ते म्हणाले, आणि खरोखरच बघायला लागले. ससे मागच्या कोठीत गवतावर ठेवले आणि पुढचे दहा दिवस कामावरून आल्यावर ते बागेत गुडघ्यांवर रांगले. वीतभर उंचीवरून बाग कशी दिसते ते त्यांना बघायचं होतं. कुंपणाखालची फट, पंपाची उघडी वायर, उंदरांच्या औषधाची जुनी पुडी, फुटक्या कुंडीची धारदार कड, सगळं त्या उंचीवरून सापडलं. कुंपणाला त्यांनी बारीक भोकांची जाळी लावली. ती जमिनीत हातभर खोल पुरली आणि खालची कड आत वळवली, म्हणजे सशाने उकरलं तरी पायाला जाळीच लागेल. उन्हासाठी मांडव घातला, मोठे माठ आडवे पुरून लपायला बिळं केली, पाण्याच्या दोन पसरट थाळ्या ठेवल्या. बायकोची कीटकनाशकाची बाटली उचलून घराबाहेर काढली.

राहिली कण्हेर. तिचं पान सशाच्या पोटात गेलं तर ससा वाचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते झाड बायकोने माहेरून फांदी आणून वाढवलं होतं. दोन दिवस ते कुदळ घेऊन झाडापाशी जायचे आणि परत यायचे. तिसऱ्या दिवशी ती खिडकीतून म्हणाली, “काय घोळ चाललाय तुमचा?”

त्यांनी सांगितलं. तिने हातातला सदरा पुरा केला, दोरा दाताने तोडला, पदर खोचून बाहेर आली आणि कुदळ त्यांच्या हातातून घेतली. “तुमच्याने व्हायचं नाही हे,” एवढंच म्हणाली. मुळं निघेपर्यंत ती थांबली नाही. त्या दिवसानंतर ससे तिचेही झाले. आकड्यांनी हाक मारायला तिने साफ नकार दिला. “कैदी आहेत का त्या?” म्हणाली, आणि शिवणाच्या डब्यातली नावं दिली: सुई, गुंडी, लेस आणि चिंधी. चिंधीचा एक कान फाटलेला होता.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोठीचं दार बागेकडे उघडलं. चौघीही बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या पायांना माती माहीत नव्हती. होसाहेब उंबऱ्याशी बसून राहिले. दुपारी सुई बाहेर आली, गवतावर पाय ठेवला आणि दचकून मागे गेली. पुन्हा आली. मग चालायला लागली, पण दोन पावलं पुढे की वळण, दोन पावलं की वळण. दोन हात लांब, दीड हात रुंद. समोर अख्खी बाग पडलेली आणि ती त्या नसलेल्या पिंजऱ्यात फिरत होती. होसाहेबांनी हे पाहिलं आणि उठून आत गेले. बायको मागून गेली तेव्हा ते मोरीत तोंडावर पाणी मारत होते.

“शिकेल हो,” ती म्हणाली.

“एकोणतीस वर्षं मीच आत ठेवत होतो त्यांना,” ते म्हणाले. “माझ्या हातांनी.”

शिकायला अकरा दिवस लागले. आयुष्यभर कोरडं गोळीखाद्य खाल्लेल्या पोटांना एकदम हिरवं सोसलं नसतं, म्हणून आधी वाळलेलं गवत, मग रोज मूठभर ओलं. बाराव्या दिवशी सकाळी सुईने कुंपणापासून मांडवापर्यंत एका दमात धाव घेतली, मध्येच उडी मारली आणि हवेतच अंगाला असा हिसडा दिला, की खिडकीत बायकोच्या हातून कात्री खाली पडली.

सगळ्यांनाच हे आवडलं होतं अशातला भाग नाही. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, एका रविवारी लोखंडी पिंजरा घेऊनच आला. त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं आणि सल्ले तो दुकानाबाहेरही वाटायचा. “दाजी, भावनेच्या भरात वाहून जाऊ नका. ससा म्हणजे भेदरट जात. पिंजऱ्यातच बरा.”

“भेदरट मीही होतो,” होसाहेब म्हणाले. “परत घेऊन जा तो.” त्याने नेला नाही. पिंजरा भिंतीला टेकून गंजत राहिला.

पलीकडच्या घरात निवृत्त मास्तर राहायचे, त्यांना वेगळीच धास्ती. इंजेक्शनं टोचलेली जनावरं, काय रोग पसरवतील कुणास ठाऊक. ते भिंतीवरून नाकाला रुमाल लावून बोलायचे. गंमत म्हणजे घात झाला तो मास्तरांच्याच बोक्याकडून.

भर दुपार होती. होसाहेब पाण्याची थाळी धुवायला आत गेले, दोन मिनिटांसाठी. कोठीपाशी धप धप आवाज झाला. धोका दिसला की ससे मागचे पाय आपटतात, तो आवाज. ते धावत आले तेव्हा बोका भिंतीवरून उतरलेला होता. सुई, लेस आणि चिंधी माठांत शिरल्या होत्या. गुंडी मोकळ्या गवतात जागच्या जागी बसलेली. बोक्याने तिला पंजाही लावला नव्हता. होसाहेबांनी त्याला हाकललं, तिला उचललं, आणि हातातच तिची धडधड थांबली. अंगावर ओरखडा नाही. नुसत्या भीतीने गेली.

संध्याकाळी मेहुणा आला. “सांगितलं होतं मी,” म्हणाला. मास्तर भिंतीवरून म्हणाले, “बिचारी. पिंजऱ्यात असती तर जगली असती. आणि आमचा बोकाही नादाला लागला तुमच्यापायी.” बायकोचे डोळे सुजलेले होते. तीसुद्धा हळूच म्हणाली, “अहो, थोडे दिवस त्या पिंजऱ्यात ठेवूया का?”

होसाहेबांनी मोगऱ्याखाली खड्डा खणला होता. माती लोटून झाल्यावर ते उभे राहिले.

“पिंजऱ्यात किती मेल्या ते मी बघितलंय,” ते म्हणाले. “त्यांच्यासाठी कुणी माझ्या घरी आलं नाही. चुकलं ते माझं. भिंतीवर जाळी लावली नाही आणि मी आत गेलो. माझ्या चुकीची शिक्षा या तिघींना नाही मिळणार.” मग भिंतीकडे वळून म्हणाले, “मास्तर, बोका तुमचा. उद्या मी भिंतीवर जाळी लावतोय, तुमच्या बाजूने शिडी धरायला या.”

मास्तर आले नाहीत. होसाहेबांनी एकट्याने भिंतीच्या माथ्यावर हातभर जाळी लावली, मास्तरांच्या बाजूला झुकलेली आणि मुद्दाम सैल, म्हणजे मांजराने पकडली की डुलावी आणि त्याने सोडून द्यावी. मांडव वाढवला, त्यावरही जाळी घातली. आणि नियम केला: ससे बाहेर तेव्हा दोघांपैकी एक बागेत. ऊन कललं की तिघी कोठीत, दाराला कडी. बायकोने मशीनच बाहेर मांडवात आणलं.

बोका आणखी दोनदा आला, जाळीवर लोंबकळला आणि पलीकडे मास्तरांच्या कुंड्यांत पडला. तेव्हा टोचलेली जनावरं मोकळी सोडलीत म्हणून मास्तरांनी कारखान्याला पत्र लिहिलं.

साहेब स्वतः आले, हातात तो जुना कागद घेऊन. बागेच्या मधोमध उभे राहून त्यांनी कागद उलगडला. “ही चौथी ओळ कुणी खोडली?”

“मी. सही करायच्या आधी. शिक्का तुमचा आहे.”

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? कंपनीची जनावरं आहेत ती.”

“कंपनीने निकालात काढायला सांगितली होती. निकालात काढलेल्या वस्तूवर कसला हक्क सांगता?” ते खुर्चीतून उठले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा साहेब उभे आणि ते बसलेले. “तपासायचं ते तपासा. तळवे बघा. कारखान्यात असताना चट्टे होते, आता बघा.”

साहेबांनी वाकून बघितलं नाही. लेस त्यांच्या बुटाशी येऊन फीत चघळायला लागली तेव्हा ते पाय मागे घेऊन म्हणाले, “लेखी कळवतो.”

“कळवा. आणि जाताना फाटक नीट लावा, खाली फट राहते.”

पत्र आलं. सात दिवसांत प्राणी पिंजऱ्यात न ठेवल्यास ते ताब्यात घेण्यात येतील. होसाहेबांनी बायकोकडून वहीचा कागद घेतला. वर मायना नाही, खाली ‘आपला आज्ञाधारक’ नाही. लिहिलं: ‘पत्र मिळालं. ससे मोकळे आहेत आणि मोकळेच राहतील. ताब्यात घ्यायला याल तेव्हा मी घरीच असेन.’ सही करून स्वतः पेटीत टाकून आले.

ते सात दिवस दोघांनाही जेवण गोड लागलं नाही. फाटक वाजलं की बायकोची शिवण वाकडी जायची. कुणी आलं नाही. आठव्या दिवशी सकाळी होसाहेबांनी भंगारवाल्याला हाक मारून मेहुण्याचा पिंजरा देऊन टाकला, आणि बागेच्या टोकाला, जिथे दगड-विटांचा ढीग पडून होता, तिथे जाळीसाठी नवा चर खणायला घेतला. बायको विटा उचलून बाजूला रचत होती.

मास्तरांनी भिंतीवरून डोकावलं. रुमाल नव्हता. “आणखी मोठं करताय? तिघीच तर आहेत.”

“तिघी पळणाऱ्या आहेत,” होसाहेब म्हणाले. “तुमच्याकडे पहार असेल तर द्या, दगड हलत नाहीये.”

 मास्तर आत गेले आणि पहार घेऊन आले.