पाइपलाइनवरचा लाल बोया

नाटे गावाच्या पुढे समुद्रात उठणारे ते बुडबुडे निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. पाण्याखालून जाणारी गॅसची पाइपलाइन फुटली होती. मी तेव्हा राजापूर तालुक्यातल्या किनाऱ्यावरील एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "पाइपवर लाल बोया तरंगतोय. त्याच्याखाली नांगर अडकलाय. कोणाचा, ते गावात विचारा." पाठोपाठ पाइपलाइनच्या कंपनीचा अधिकारी टाईप केलेली फिर्याद घेऊन हजर झाला. तिच्यात ठळक शब्द होता, घातपात.

बोया गावातल्या एका तरुण तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा निघाला. कंपनीविरुद्धच्या मोर्च्यात तो पुढे असे. आम्ही त्याला आणले, त्याची होडी जप्त केली. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि घर त्या होडीवरच चालत होते. गुन्हा शाबित झाला असता तर तो कित्येक वर्षे तुरुंगात गेला असता.

चौकशीत त्याचे एकच म्हणणे. "नांगर माझा. पाइप मी नाय फोडला."

"मग तिथं कशाला गेलास?"

त्याने एकदा खिडकीकडे पाहिले.

लांज्याकडच्या माझ्या शाळेतले गुरुजी कोणत्याही उत्तरावर "कशावरून?" असे विचारायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळेच झालो. घातपात, तो कशावरून? नांगर अडकून निघेनासा झाला की मच्छीमार दोर कापतात आणि टोकाला आपल्या रंगाचा बोया बांधून ठेवतात, पुन्हा येऊन नांगर काढता यावा म्हणून. घातपात करणारा स्वतःची खूण मागे ठेवेल?

मग माझे लक्ष खिडकीकडे गेले. त्याच्या बाजूने बोलायला आलेले इतर तांडेल व्हरांड्यात कान देऊन उभे होते. मी त्यांना चहाला पाठवले आणि खिडकी लावून घेतली.

तसा तो हळूच म्हणाला, "साहेब, तिथं मासा हाय. गेल्या हंगामापासून. तळाला काहीतरी कडक लागायचं, मला वाटलं खडप असंल. ह्यांनी ऐकलं तर उद्या सगळ्यांच्या होड्या तिथंच."

"अरे, तुरुंगात जाशील!"

"तुरुंगातून माणूस सुटतो, साहेब. माशाची जागा गेली की गेली."

मला हसू आले, पण क्षणभरच. ते खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, नव्हतेच. वाळूखाली पुरलेला पाइप उघडा पडला होता आणि त्याच्या आडोशाला मासे जमत होते. गेल्या हंगामापासून! कंपनीची पाहणी मग कुठे चालली होती?

पाणबुडे उतरवून पंचांसमक्ष चित्रीकरण केले. तांडेलाचा नांगर पाइपला अडकलेला होता. त्याचेच आकडे वाकले होते, पाइपवर नुसते ओरखडे. फुटलेली जागा तिथून बरीच दूर होती. तिथे पाइप आडवा ओढला जाऊन दुमडला होता आणि चिखलात रुंद, लांबलचक चर पडला होता. होडीच्या नांगराने असा चर पडत नाही.

बंदरात चौकशी केली. त्या दिवसांत पाइपच्या आसपास नांगरलेले मोठे जहाज एकच, कंपनीच्या ठेकेदाराचा बार्ज. त्यावरचा सारंग, म्हणजे खलाशांचा प्रमुख, जबाब देताना टाळाटाळ करू लागला. मी लाल बोया टेबलावर ठेवला. "ह्याच्यापायी एक तांडेल आत बसलाय."

तो बोयाकडे बघत राहिला. "वारा सुटला. नांगर धरेना, घसरतच गेला. मी लगेच कंपनीला कळवलं होतं, साहेब. तोंड बंद ठेव म्हणाले. हा बोया त्यांना आधीच दिसला होता."

तो निनावी फोनही कंपनीच्याच आवारातून आलेला निघाला.

वाऱ्यात नांगर घसरणे हा अपघात आहे. तेवढ्यासाठी मी कोणाला बेड्या घातल्या नसत्या. पण अपघात ठाऊक असताना दुसऱ्याच्या गळ्यात घातपात बांधणे, याला काय म्हणायचे?

"गैरसमज झाला, साहेब. मिटवून टाका," कंपनीचा अधिकारी म्हणाला.

"गैरसमज तुम्ही आधीच टाईप करून ठेवता वाटतं?"

वरूनही सल्ला आला, तपास बंद करून कोर्टाला 'क' समरी अहवाल पाठवा, म्हणजे फिर्याद चुकीच्या समजुतीतून झाली. मी 'ब' समरी पाठवली, फिर्याद जाणूनबुजून खोटी. अपघात झाला की काही लोक कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

तांडेल मुद्देमाल न्यायला आला. बोया काखेत मारून त्याने विचारले, "आता तिथं जायला बंदी लागली ना?"

"लागली."

"म्हंजे मासा आमच्याविना मोठा होत बसणार!" तो हसला.

मला हसता आले नाही. होडी सुटेपर्यंत त्याचा निम्मा हंगाम गेला होता. त्याची माफी मागायला कंपनीतून आजपर्यंत कोणी आलेले नाही.