चंदनाचा हार

‘नाही जमणार’ म्हणायची ऋताला सवयच नव्हती. शहरातला, हॅरिस पार्कमधला भाड्याचा फ्लॅट सोडून ती मध्य ऑस्ट्रेलियातल्या त्या आडवाटेच्या डोंगराळ मुलखात म्हाताऱ्यांसाठी रांधायला निघाली, तेव्हा पॅरामॅटाच्या ऑफिसात बसणारा तिचा भाऊ यतिन म्हणाला, “अगं, तिथे नेटवर्क तरी आहे का?” “नसू दे, मेट. माणसं आहेत,” म्हणून ही मोकळी.

तो मुलुख तिथल्या मूळ रहिवाशांचा, अनंगू लोकांचा. जमीन त्यांची, कारभार त्यांच्या पंचायतीचा; बाहेरच्या कोणी यायचं, कोणी राहायचं, तेही तेच ठरवतात. ऋताने मुगाच्या खिचडीने सगळ्या म्हाताऱ्या जिंकल्या. त्यातली एक तर तिला मुलगीच म्हणायची आणि खिचडी करपली की चारचौघांत खडसावायची. तिचं नाव मी इतक्यात सांगणार नाही.

ती म्हातारी गेली. ऋता ढसाढसा रडली आणि मग आपल्याकडे करतात तेच तिने केलं. जेवणघराच्या भिंतीवर म्हातारीचा मोठा फोटो लावला, त्याला चंदनाचा हार घातला, पुढे निरांजन ठेवलं. दुपारी म्हातारीची लेक मर्ना आत आली, फोटो दिसताच तिने तोंडावर हात घेतला आणि तशीच बाहेर पडली. तिच्यामागे सगळी पंगत उठली. भरलेल्या ताटांसमोर ऋता एकटी उरली.

घरच्यांचं दुःख निवेपर्यंत तिथे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, चेहरा दाखवत नाहीत. ऋताला हे आल्या दिवशीच सांगितलं होतं. पण हार घातल्याने कोणाला दुखेल, हे आपल्या डोक्यात शिरेल तर शपथ!

हिला ठेवायचं की घालवायचं, हे पंचायतीने मर्नावर सोपवलं. ऋताने फोटो उतरवून सुती साडीत गुंडाळला आणि बॅग भरण्याच्या भानगडीत न पडता थेट मर्नाच्या अंगणात जाऊन मातीत बसली. “चुकलं माझं. पण मला इथून जायचं नाहीये,” एवढंच म्हणाली.

“राहा,” मर्ना म्हणाली. “आईचा चेहरा तुझ्यापाशी झाकून ठेव. मी मागेन.”

थंडी सरली, उन्हाळा झाला, पुन्हा थंडी आली. ऋताने एकदाही विषय काढला नाही. मग एका सकाळी मर्ना स्वयंपाकघरात आली आणि तिने हात पुढे केला. ऋताने साडीची गाठ सोडली. मर्नाने फोटो पुसला, भिंतीवर टांगला, मागे सरून पाहिला.

“एल्सी,” ती मोठ्याने म्हणाली. मग ऋताकडे वळली.

“तो हार कुठे ठेवलास?”